पाटलाची गढी आणि तिचे माळवद



वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात सुरू केली, ही गोष्ट आपणांस ठाऊकच आहे. त्याच साली, त्याच उन्हाळ्यात, पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांच्या दारांत जमून कर्जरोख्यांच्या होळ्या करीत होते. एकीकडे शहरात लोक ज्ञान ऐकण्यास जमत होते, दुसरीकडे खेड्यात लोक कागद जाळण्यास जमत होते. हा योगायोग आमच्या आजच्या विषयाशी वाटतो तितका दूरचा नाही. त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

आमचा आजचा विषय आहे गावची गढी, म्हणजेच पाटलाचा वाडा. या जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले. ज्या पुण्यशील राणीचे नाव जिल्ह्याने घेतले, तिचा जन्म राजवाड्यात झाला नव्हता. जामखेड तालुक्यातील चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी तो 1725 साली झाला. म्हणजे जिल्ह्याचे आजचे नावही एका पाटलाच्या घरातूनच आलेले आहे. तेव्हा असे घर म्हणजे काय असे, ते कशाने उभे राही आणि ते पडते ते कशाने, हे तासभर पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

इंग्लंडात खेड्यातील अशा घरास ‘मॅनर हाऊस’ म्हणतात. त्याच्याशी आपल्या गढीची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो आम्हांसही आवरलेला नाही. परंतु तुलना करावयाची ती साम्य पाहून सुखावण्यासाठी नव्हे, तर भेद कोठे आहे ते कळावे म्हणून.

‘मॅनर’ हे मुळात घराचे नाव नाही, ती एक व्यवस्था आहे. विजेत्या विल्यमने 1086 साली इंग्लंडची जी प्रचंड पाहणी करविली, तिच्या ‘डूम्स्डे बुक’ या दप्तरात गावोगावच्या मॅनरांची नोंद आहे: जमीन किती, नांगर किती, कुळे किती, गिरणी आहे की नाही. राजाकडून वा त्याच्या सरदाराकडून जमीन धारण करणारा जो धनी, तो मॅनरचा स्वामी. त्याची खाजगी शेती असे आणि गावातील बद्ध कुळांना आठवड्यातील ठरावीक दिवस त्या शेतीवर फुकट राबावे लागे. या कुळांस आपले गाव सोडून जाण्याची मोकळीक नसे. स्वामीची कचेरी त्याच्या घराच्या मोठ्या दालनात भरे आणि तेथे जमिनीचे फेरफार, दंड, वारसा यांच्या नोंदी चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर उतरविल्या जात.

घराची रचनाही या व्यवस्थेतूनच आलेली. श्रॉपशर परगण्यातील स्टोकसे येथील घर आजही उभे आहे. लडलोचा लॉरेन्स नावाचा लोकरीचा बडा व्यापारी होता. त्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधले आणि त्याला तटाच्या चऱ्या करण्याचा परवाना राजाकडून 1291 साली मिळविला. मधोमध उंच छपराचे भव्य दालन, दालनाच्या मध्यावर उघडी चूल, तिच्याभोवती चाकरमाणसे आणि पाहुणे. दालनाच्या एका टोकास, जिन्याने वर, धन्याची खाजगी खोली. त्या खोलीच्या भिंतीत दोन लहान खिडक्या आहेत. त्यांतून खाली दालनात काय चालले आहे ते धन्याला वा धनिणीला वरूनच दिसावे, ही योजना. घर एकच; परंतु कोणी कोठे बसावे, कोणी कोणाकडे पाहावे, हे दगडातच ठरवून टाकलेले.

आता आपण घराकडे येऊ.

आपल्याकडे गावाचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यानपिढ्या भिंती पडाव्यात, त्याच मातीवर नव्या उभाराव्यात, चुलींची राख, गुरांचे शेण, धान्याचे भूस हे सारे तेथेच मुरावे, यांतून ती माती राखट, पांढुरकी होते. या पांढरीच्या उंच भागावर, तट आणि बुरूज घालून बांधलेले जे घर, ती गढी. सर्वच पाटलांना गढ्या नव्हत्या. पुष्कळांचा साधा चौसोपी वाडा असे, कित्येकांचे घर शेजारच्या कुणब्याच्या घराहून दोन खणच काय ते मोठे असे. परंतु ज्या मुलखातून फौजा वारंवार गेल्या, पेंढाऱ्यांची भीती राहिली, तेथे गावाने आपली गुरे, धान्य आणि बायकामुले ज्याच्या आड न्यावीत असा एक तरी तट हवा होता. गढी ही प्रथमतः ती गरज होती. वैभव मागाहून आले.

येथेच पहिला भेद ध्यानात घ्यावयास हवा. पाटील हा गावाचा स्वामी नव्हता. गावातील मिरासदार शेतकरी आपल्या जमिनीचा वंशपरंपरागत धनी असे आणि पाटील हाही मूळचा त्यांच्यापैकीच एक. सरकारचा वसूल गोळा करणे, गाव वसविणे, तंटे मिटविणे, ही त्याची कामे. त्याबद्दल त्यास इनाम जमीन, हक्क आणि मानपान. त्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. महजरावर, म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याच्या कागदावर, पाटलाचा नांगर आणि कुलकर्ण्याचे अक्षर एकत्र येत, त्यांच्या खाली बलुतेदारांच्या हत्यारांच्या खुणा येत. इंग्लंडात निवाडा स्वामीच्या कचेरीतून होई. आपल्याकडे तो गोतसभेतून होई आणि पाटील तिच्यात मुख्य असला तरी एकटा नसे.

या नांगराचा अभिमान किती होता याचे उदाहरण महादजी शिंद्यांचे. 1784 साली दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद मिळवून त्याचा कारभार हाती घेणारा हा पुरुष स्वतःला पाटील म्हणवून घेई. लोक त्याला पाटीलबाबा म्हणत. दिल्लीचा कारभार आज आहे, उद्या नाही. गावची पाटीलकी मात्र पिढीजात, हा त्यामागचा हिशेब. वतन म्हणजे काय, हे या एका गोष्टीवरून उमगते.

आता या घरात पाऊल टाकू. गढीच्या तटाचे खालचे थर घडीव काळ्या दगडाचे आणि वरचे बांधकाम विटांचे वा नुसत्या पांढऱ्या मातीचे, अशी सर्वसाधारण रीत. दरवाजा भव्य, फळ्या जाड, त्यांवर लोखंडी खिळे. आतून भिंतीत सरकणारा लाकडी अडसर. मोठा दरवाजा लग्नाकार्याला आणि गाडीघोड्याला. रोजच्या जाण्यायेण्याला त्यातच कापलेली लहान दिंडी. दिंडीतून वाकूनच आत जावे लागते. शत्रूने वाकून आत येताना त्याची मान पुढे यावी, हे एक कारण सांगतात. परंतु मित्रालाही घरधन्यापुढे वाकूनच यावे लागे, हे दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही.

दरवाजाच्या आत दोन्ही अंगांस देवड्या, पहारेकऱ्यांसाठी. बहुधा लगेच एक वळण, म्हणजे रस्त्यावरून आतले काही दिसू नये. मग पहिला चौक आणि सदर. सदर म्हणजे घराची कचेरी: उंच जोते, ओळीने लाकडी खांब, खांबाखाली दगडी तळखडा, भिंतीशी लोड-तक्क्या. वसुलाचा हिशेब, निवाडा, पाहुण्याचे स्वागत, सारे येथे. आपल्याकडे घराचे माप फुटांनी सांगत नसत, खणांनी सांगत. दोन खांबांमधले अंतर तो एक खण. लाकडाची तुळई जेवढा भार पेलू शकेल तेवढाच खण रुंद. म्हणजे घराची सारी मापे जंगलातील सागाच्या लांबीने आणि ताकदीने ठरविलेली.

सदरेमागे दुसरा चौक, घरच्या माणसांचा. चारी बाजूंस सोपे, मध्ये तुळशीवृंदावन. मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, मागे आड आणि गोठा. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटात धान्याची बळदे बसवीत, जमिनीत पेवे. नगर जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात या बळदांचे आणि पेवांचे मोल तटाच्या बुरुजापेक्षा कमी नव्हते. स्टोकसेच्या घरात वरून दालनावर नजर ठेवणारी खिडकी होती, तसे आपल्या वाड्यांतही माडीवर वा माजघराच्या अंगास झरोके असत. सदरेवर काय चालले आहे ते घरातील बायका त्यांआडून ऐकत. त्यांनी ऐकावे पण दिसू नये, हा दंडक. आणि तरीही अशाच एका पाटलाच्या घरातील मुलगी पुढे माळव्याच्या दरबारात बसून अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे राज्य चालविते, ही गोष्ट आपल्या इतिहासाने करून दाखविली आहे.

तट, दरवाजा, चौक हे सर्व पाहून झाले म्हणजे पाहणारा परततो. वर कोणी पाहत नाही. आमचे मत असे आहे की, गढीचा खरा इतिहास तिच्या माळवदात आहे.

आपला जिल्हा पर्जन्यछायेचा. अकोल्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग सोडला तर बहुतेक ठिकाणी वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस. घाटघर-रतनवाडीकडे तोच काही हजार मिलिमीटर पडतो, म्हणून तिकडे उतरती छपरे. इकडे मैदानात मात्र सपाट मातीचे छप्पर, माळवद किंवा धाबे. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या वा लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि चिखल, आणि सर्वांवर वीतभर वा अधिक जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. ही माती क्षारयुक्त. पावसाचे पहिले पाणी पडताच ती फुगून दाटते आणि खाली पाणी जाऊ देत नाही. उन्हाळ्यात घर थंड, हिवाळ्यात उबदार. या मुलखाला याहून योग्य छप्पर सुचले असते असे आम्हांस वाटत नाही.

परंतु या छपराची एक अट आहे. ते दर वर्षी माणसांचा हात मागते. मृग लागण्यापूर्वी जुने गवत उपटावे, उंदरांची बिळे बुजवावीत, पन्हाळी मोकळ्या कराव्यात, नवी माती वाहून आणून पसरावी, पाणी मारून ती तुडवावी. एक पावसाळा हे काम चुकले तर गळती लागते. दोन-तीन चुकले तर कड्या कुजतात. कडी मोडली की वरची शेकडो मण माती खाली येते आणि आपल्याबरोबर भिंतीचा माथा फोडून आणते. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतीत पाणी शिरले म्हणजे तिची पुन्हा पांढरी होण्यास फार वर्षे लागत नाहीत. ज्या गढ्यांनी फौजांची तोंडे पाहिली, त्या शेवटी तोफेने पडल्या नाहीत. चुकलेल्या मातीने पडल्या. इंग्लंडातील घरावर दगडी पाट्यांचे, कौलांचे वा शिशाच्या पत्र्याचे छप्पर असे. ते एका पिढीने दुर्लक्षिले तरी दुसरी पिढी येईपर्यंत बहुधा तग धरी. आपल्या माळवदाला एवढी सवड नाही.

तेव्हा प्रश्न असा येतो की, दर वर्षी ही माती वाहिली कोणी?

बलुतेदारांची व्यवस्था आपणांस माहीत आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर गावाचे काम करावे आणि सुगीत आपला वाटा घ्यावा. महारांकडे गावच्या वेशीचे रक्षण, सीमेची साक्ष, सरकारी टपाल व भरणा पोहोचविणे आणि गावकुसाची डागडुजी अशी अगणित कामे होती. त्यांचा मोबदला तुटपुंजा आणि तोही अपमानासह. पाटलाच्या वाड्याचे काम यातच येई. त्याची वेगळी मजुरी कोणी मागू शकत नसे. कागदावर त्यास हक्क म्हणत, व्यवहारात ती वेठ होती.

पारनेरकडच्या एका गावात आम्ही गढी पाहावयास गेलो होतो. तटाचा एक कोपरा आणि दरवाजाची कमान एवढेच उरले आहे, आत बाभळी. गावातले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आमच्याबरोबर आले. आम्ही कौतुकाने कमान पाहत होतो. ते म्हणाले, “बघा सायेब, बघा. या धाब्याची माती आमच्या आज्यानं वाहिली, पाट्याच्या पाट्या. पण हितवर.” आणि त्यांनी काठीने उंबऱ्याच्या बाहेरची जागा दाखविली. “हितं पाटी उतरायची. हितनं पुढं दुसरे न्यायचे. आत काय हाय, त्ये आमच्या आज्यानं कधी बघितलंच न्हाई. मीच बघितलं पहिल्यांदा, पडल्यावर.”

श्रोतेहो, त्यानंतर कमानीची नक्षी पाहण्याचा आमचा उत्साह मावळला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण त्या गृहस्थांच्या बोलण्यात आनंदही नव्हता आणि रागही नव्हता. निघताना ते एवढेच म्हणाले, “पडाया नको होती. बांधकाम लई भारी होतं.” जे घर आपल्या आजोबांना आत घेत नव्हते, त्याच्या बांधकामाचा अभिमान त्यांना वाटत होता, कारण त्यात त्यांच्या आजोबांची माती होती. हा अभिमान आपण कोणत्या खात्यात मांडणार? आजच्या भाषणाचा सारा प्रश्न आमच्या मते येथे आहे.

आता कागद जाळण्याच्या त्या गोष्टीकडे वळू. इंग्लंडात 1348-49 च्या महामारीने माणसे इतकी मेली की जगलेल्या मजुराचे मोल वाढले. धन्यांनी ते कायद्याने दडपू पाहिले. 1381 साली शेतकऱ्यांनी बंड केले. त्या बंडात ठिकठिकाणी मॅनरच्या कचेरीतील दप्तरे जाळण्यात आली, कारण आपल्या बंधनाचा पुरावा त्या गुंडाळ्यांतच आहे हे शेतकऱ्यांना पक्के ठाऊक होते. बंड मोडले गेले. परंतु वेठ हळूहळू सुटत गेली. जुन्या मॅनर-धारणेचा शेवटचा कायदेशीर अवशेष तर 1926 साली गेला.

आपल्याकडे 1875 साली पारनेर, श्रीगोंदे या भागांतील शेतकऱ्यांनी कागद शोधले, ते पाटलाच्या सदरेवर नव्हे, सावकाराच्या घरी. ही बाब अर्थपूर्ण आहे. इंग्रजी रयतवारीत सरकारने प्रत्येक शेतकऱ्याशी परस्पर सारा ठरविला. पाटील सरकारचा पगारी हस्तक झाला. गोतसभेचा निवाडा दिवाणी कोर्टापुढे निष्प्रभ झाला. गावातील सत्ता गढीच्या सदरेवरून उठून सावकाराच्या ओटीवर आणि मामलेदाराच्या कचेरीत गेली होती. शेतकऱ्यांनी गढ्यांना हात लावला नाही याचे कारण केवळ आदर हे नसावे. जाळण्याजोगे तेथे फारसे उरलेच नव्हते.

पुढची हकीगत कायद्यांची आहे. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महारवतनाविषयीचे विधेयक मांडले आणि हे वतन म्हणजे हक्क नसून बेडी आहे, हे जगापुढे आणले. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, 1952 मध्ये सरंजाम व जहागिरी गेल्या, 1957 च्या 1 एप्रिलपासून कूळ जमिनीचा मालक ठरला, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि 1963 च्या आरंभापासून वंशपरंपरागत मुलकी पाटीलकीही संपली. हे सर्व व्हावयासच हवे होते. याबद्दल आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही. परंतु या प्रत्येक कायद्याबरोबर माळवदावर माती टाकणारा एकेक हात कमी झाला, हेही तितकेच खरे आहे.

त्यात आपल्या वारसाहक्काची भर. इंग्लंडात घर थोरल्या मुलाकडे अखंड जाई. धाकट्यांनी लष्करात, चर्चमध्ये वा वसाहतींत नशीब काढावे. न्याय म्हणून ते वाईट, घर म्हणून सोयीचे. आपल्याकडे मुलगा जन्मताच वडिलार्जित मिळकतीचा वाटेकरी. तिसऱ्या पिढीत चौकात भिंत येते, पाचव्या पिढीत तुळईचा अर्धा भाग एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा होतो. माळवद तेवढे अखंड. मग त्यावर माती कोणी टाकावयाची? ज्याच्या डोक्यावर गळते त्याने, असे बाकीचे म्हणतात. एकाच्या खोलीवर टाकलेली माती शेजारच्या खोलीची गळती थांबवीत नाही आणि शेजारची कडी कुजली की आपलीही कुजते. भाऊबंदकीने पडलेले वाडे आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

यावरून इंग्रजांनी आपली घरे जपली आणि आपण घालविली, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चूक ठरेल. मृत्युकर, महायुद्धे आणि चाकरमाणसांचा तुटवडा यांमुळे इंग्लंडातही विसाव्या शतकात हजाराहून अधिक मोठी ग्रामीण घरे पाडली गेली. मात्र ते वेळीच सावध झाले. नॅशनल ट्रस्ट ही संस्था 1895 सालची. 1937 च्या कायद्याने मालकाला आपले घर तिला देऊन त्यातच राहण्याची सोय झाली. 1947 च्या कायद्याने जुन्या इमारतींची यादी करण्याची पद्धत रुजली. आणि एक गोष्ट तर आपण मुद्दाम घेण्यासारखी आहे. वेल्समधील एर्डिग येथील घर 1973 साली या ट्रस्टकडे आले. तेथे पाहुण्यास प्रथम नेतात ते दिवाणखान्यात नव्हे, तर चाकरांच्या आवारात: सुतारशाळा, धोबीखाना, तबेला. त्या घराने आपल्या नोकरांची चित्रेही पिढ्यान्‌पिढ्या काढवून भिंतींवर लावली होती. मागच्या दाराने घर पाहिले म्हणजे ते अधिक चांगले समजते.

आता आपल्या जिल्ह्यातील तीन उदाहरणे घेऊ. पारनेर तालुक्यातील पळशी येथे होळकरांचे दिवाण पळशीकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले काम पाहा. तेथे तट आहे तो केवळ वाड्याला नव्हे, सबंध गावाला. तटाच्या आत गाव, गावात वाडा, वाड्यात सागवानी खांबांवर आणि हस्तांवर केलेले कोरीव काम, नदीकाठी विठ्ठलाचे शिल्पसंपन्न मंदिर. गढीचा मूळ हेतू, म्हणजे गावाला आडोसा, येथे पूर्णत्वास गेलेला दिसतो.

दुसरे, त्याच तालुक्यातील जामगाव. तेथील महादजी शिंद्यांचा वाडा शिंदे घराण्याकडून रयत शिक्षण संस्थेकडे आला आणि तेथे शिक्षणाचे काम सुरू झाले. या घटनेचे मोल नुसत्या दानाने मोजू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली ही संस्था काढली ती ज्यांना वाड्याच्या देवडीपुढे येऊ दिले जात नव्हते अशा मुलांसह सर्वांसाठी. ज्या घराचा धनी पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानी, त्याच्या घरात रयतेच्या मुलांनी पाटी-पुस्तक घेऊन बसावे, याहून त्या घराची दुसरी शोभा कोणती?

तिसरे चौंडी. सीना नदीकाठच्या या गावी शिंद्यांच्या गढीचा जीर्णोद्धार झाला, ती अहिल्यादेवींचे स्मारक झाली आणि दर 31 मे रोजी तेथे लोक लोटतात.

या तिन्हींतून निघणारे तात्पर्य साधे आहे. ज्या घराला काम आहे ते घर राहते. पळशीला गाव आत राहते, जामगावला शाळेने आसरा घेतला, चौंडीला स्मृतीने. बाकी शेकडो गढ्यांना काम नाही. त्यांना नुसता अभिमान आहे, आणि अभिमानाने पाणी अडत नाही.

मग करावे काय? आम्ही चार गोष्टी सुचवितो. त्या सर्व गावाच्या आवाक्यातील आहेत.

पहिली, गढीची माती खणून नेऊ नये. पांढरीची माती खताला चांगली म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची जुनी सवय आहे. परंतु अशाच पांढरीच्या टेकाडांत जोर्वे येथे 1950-51 मध्ये, नेवाशास 1954 ते 56 मध्ये आणि पुढे दायमाबादला उत्खनने झाली आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, किंबहुना त्याहूनही जुने, शेतकरी आपल्याला भेटले. आपल्या गढीच्या पोटात कोण झोपलेले आहे हे खणण्यापूर्वी आपल्याला कळत नाही, आणि नांगरल्यानंतर कधीच कळत नाही.

दुसरी, घरातील मोडी कागद. भिंतीतील बळदात वा माडीवरच्या पेटीत रुमाल बांधलेले असतील तर ते रद्दीत घालू नयेत. मालकी घराचीच राहू द्या, पण जाणकाराकडून वाचून त्यांची नक्कल करून घ्या. घर पडले तरी महजर उरू द्या.

तिसरी, सर्व वाडा वाचवणे शक्य नसेल तर सदर आणि दरवाजा वाचवा आणि त्यांना काम द्या: वाचनालय, बालवाडी, बचतगटाची बैठक, दुधाच्या हिशेबाची जागा, काहीही. मात्र वाटेकऱ्यांनी वाटण्यांचा तंटा बाजूला ठेवून माळवदाचा खर्च सामाईक करावा. आणि मृगापूर्वी मातीसाठी जे हात लागतील त्यांना चोख मजुरी द्यावी. वेठीने उभे राहिलेले घर मजुरीने उभे राहू शकत नाही, असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. गढीवर पाटी लावाल तेव्हा तीवर पाटलांच्या वंशावळीबरोबर हेही लिहा की, दगड कोणी घडविला, लाकूड कोणी तासले, माती कोणी वाहिली आणि ती कोठवर वाहू दिली. त्यात कोणाचा अपमान नाही. उंबऱ्याच्या आतला इतिहास आणि बाहेरचा इतिहास मिळूनच ते घर झालेले आहे. अर्धाच सांगितला तर तो खोटा ठरतो, आणि ज्यांचा अर्धा वगळला त्यांनी ते घर आपले का मानावे?

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही शेवटी विचारले होते की, गावाने ही कमान दुरुस्त करावयाचे ठरविले तर तुम्ही काय म्हणाल? ते म्हणाले, “करा की. पन यावेळी पाटी आत नेऊन उतरू.”

श्रोतेहो, मृग फार दूर नाही. आपापल्या गावी जाल तेव्हा एकदा माळवदावर चढून पाहा.